पाकीट नको, पंगत हवी

पाड्यावरच्या एका घरात मी एका बाळंतिणीला विचारलं होतं, "अंगणवाडीतून मिळतं ते शिऱ्याचं पाकीट किती दिवस पुरतं गं?" ती चुलीपुढे बसली होती, मांडीवर चार महिन्यांचं मूल. ती म्हणाली, "बाई, आधी माणसं मोजा." मी मोजली. सासू, सासरे, नवरा, धाकटा दीर, मोठी दोन मुलं आणि ती. पाकीट संध्याकाळी फुटलं होतं आणि संध्याकाळीच संपलं होतं. सगळ्यांच्या वाटीत थोडा थोडा शिरा आला, तिच्या वाटीत सगळ्यांत शेवटी. माझ्याकडच्या रजिस्टरमध्ये मात्र तिच्या नावापुढे त्या महिन्याचे पंचवीस दिवस भरलेले होते आणि पुढे तिचा अंगठाही होता.

मी बरीच वर्षं अंगणवाड्यांच्या एका बीटची पर्यवेक्षिका होते. त्या काळात असे अंगठे मी हजारोंनी तपासले. ते खोटे नव्हते, पाकीट खरंच मिळालेलं असायचं. त्या घरातल्या सासूनेही काही चोरलं नव्हतं. घरात आलेलं अन्न सगळ्यांचं, ही आपली रीत आहे आणि ती वाईट नाही. दोन दिवस कामाला न गेलेल्या नवऱ्यासमोर, भुकेल्या मोठ्या लेकरासमोर एकटीने बसून सरकारी शिरा खाईल अशी आई मी तरी पाहिली नाही. प्रश्न रीतीचा नाही, आपण योजना कशी आखली याचा आहे. पोषण तिला द्यायचं ठरवलं आणि अन्न घराला दिलं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचं पाकीट देण्याऐवजी, गावात शिजवलेलं ताजं जेवण गावातच बसवून खाऊ घाला. आदिवासी भागात हे महाराष्ट्राने स्वतः करून पाहिलेलं आहे. ते सबंध राज्यात करा. शहरातल्या झोपडपट्टीत करा आणि उसाच्या फडावरही करा.

आधी हक्काचं बोलू. अंगणवाडी 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, तेव्हा ती एक योजना होती. सरकारच्या मनात असेल तेवढी चालायची. 2001 मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्याच वर्षीच्या 28 नोव्हेंबरच्या आदेशाने या योजना हक्क झाल्या. 2006 च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने सांगितलं की सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल, प्रत्येक गरोदर आणि स्तनदा माता यांच्यापर्यंत अंगणवाडी पोचली पाहिजे. ज्या वस्तीत अंगणवाडी नाही पण सहा वर्षांखालची चाळीस मुलं आहेत, तिथल्या लोकांनी मागितली तर तीन महिन्यांत ती द्यावी लागेल, असंही सांगितलं. पुढे 2013 चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला मोफत जेवण, त्यात रोज 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं, असं त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं होतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं.

पण त्याच कायद्यात 'जेवण' या शब्दाची व्याख्या करताना गरम शिजवलेल्या अन्नाबरोबर घरी नेण्याच्या शिध्यालाही जेवण म्हटलं आहे. माझ्या मते सगळी गफलत तिथे झाली. आपल्या कुठल्याही घरात, श्रीमंताच्या किंवा गरिबाच्या, पिठाच्या पुड्याला कोणी जेवण म्हणत नाही. जेवण म्हणजे ताट वाढलेलं असतं, समोर कोणीतरी बसलेलं असतं, "अजून घे" म्हणणारं असतं. कायद्याने पुड्याला जेवण ठरवल्यावर खात्यानेही पुडे मोजायला सुरुवात केली.

हा पुडा कुठून आला तेही सांगायला हवं, कारण तो आईच्या सोयीसाठी आलेला नाही. 7 ऑक्टोबर 2004 ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, काम गावातल्या महिला मंडळांना आणि बचत गटांना द्या. महाराष्ट्रात कागदावर तसंच झालं. प्रत्यक्षात बचत गटांची चूल फक्त तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या खिचडी-उसळीपुरती राहिली. गरोदर, स्तनदा आणि तीन वर्षांखालच्यांचा घरपोच आहार मोठ्या यंत्रांच्या कारखान्यांकडे गेला. 2012 मध्ये न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने महाराष्ट्रासह काही राज्यांबद्दल अहवाल दिला आणि राजकारणी, अधिकारी व खासगी कंत्राटदार यांच्या संगनमताचा आरोप त्यात केला. पुढे 2016 मध्ये राज्याने सुमारे 6,300 कोटी रुपयांची निविदा काढली. तिच्या अटी अशा होत्या की खऱ्याखुऱ्या गावच्या बचत गटाला अर्जही भरता येऊ नये. ती निविदा 2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पंधरा वर्षं न्यायालय तेच सांगत होतं आणि आपण तीच वाट धरत होतो.

पाकिटाच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद येतो. त्यात जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून घातलेली असतात, गावच्या चुलीवर ते कसं जमणार? मला हा युक्तिवाद तुच्छ लेखायचा नाही. कागदावर तो बरोबर आहे. पण बाळाने तोंडात घेतलेलं पीठ जिभेने बाहेर ढकललं की त्या खनिजांचा काही उपयोग उरत नाही. गोड उग्र वास, दोन दिवसांत येणारे गोळे, दर महिन्याला तीच चव. कित्येक घरांत ती पाकिटं शेळीच्या पाटीत गेलेली मी पाहिली आहेत. आया मला ते लपवून नव्हे, अपराधी चेहऱ्याने सांगायच्या. त्यांची चूक नव्हती. करोनाच्या काळात अंगणवाड्या बंद झाल्या, तेव्हा तयार पिठाऐवजी डाळ, चवळी, गहू, तेल असा कोरडा शिधा आला. तो निदान शिजला आणि खाल्ला गेला. पण तोही सगळ्या घराने खाल्ला. केरळने वेगळी वाट काढली. तिथे लहान मुलांसाठीचं अमृतम न्यूट्रिमिक्स हे तयार पीठ कुटुंबश्री या बचत गटांच्या जाळ्यातल्या बायकाच आपापल्या भागातल्या छोट्या युनिटमध्ये भाजतात, दळतात. पाकीटच द्यायचं असेल तर निदान ते असं असावं. तरीही माझा आग्रह त्याच्या पुढचा आहे.

आता तीन वर्षांखालच्या मुलाचं. या वयाकडे मला सर्वांत जास्त लक्ष वेधायचं आहे, कारण आपली अंगणवाडी या वयाला आत घेतच नाही. चार वर्षांचं पोर चालत येतं, पाटावर बसतं, खिचडी खाऊन घरी जातं. दहा महिन्यांचं मूल महिन्यातून एकदा वजनाला येतं, दंडघेर मोजून जातं आणि त्याच्या वाट्याला पाकीट येतं. खरं तर मूल घसरतं ते याच वयात. उष्टावण झालं, नुसतं अंगावरचं दूध पुरेनासं झालं, की त्याला दिवसातून चार-पाच वेळा मऊ, घट्ट, तेल-तूप घातलेलं अन्न कोणीतरी हाताने भरवावं लागतं. त्याचं पोट त्याच्या मुठीएवढं. एका वेळी त्यात दोन-चार घासच मावतात, म्हणून पुन्हा पुन्हा भरवायचं. हे करणार कोण? आई सकाळी रोपणीला किंवा रोजगार हमीच्या कामाला जाते. मूल सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. बहीण त्याला बिस्किटाचा पुडा देते, कारण तो पाच रुपयांत येतो आणि मूल रडायचं थांबतं. मी या बहिणींना कधी रागावले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019 ते 2021 मध्ये झालं. त्यात सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशात जेमतेम अकरा निघाली. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 36.1 टक्के मुलं कमी वजनाची होती. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा 36 टक्के होता. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, म्हणजे ज्यांना आम्ही सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषित) म्हणतो ती, दोन्ही वेळा 25.6 टक्के. मधल्या पाच वर्षांत आकडा जागचा हलला नाही. नंदुरबारमध्ये अर्ध्याहून जास्त मुलं कमी वजनाची आहेत. आणि ही मुलं ज्यांच्या पोटी येतात त्या आयांपैकी, राज्यातल्या गरोदर बायांपैकी, 45.7 टक्के जणींच्या अंगात रक्त कमी. देशातल्या श्रीमंत राज्यांत आपली गणना होते, आणि हे आकडे आपलेच आहेत.

आपल्याला जमत नाही असंही नाही. 2005 मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंची दखल घेत आपण राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन काढलं. असं मिशन काढणारं आपलं राज्य देशात पहिलं. त्यानंतरच्या सात वर्षांत दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होतं ते 2012 च्या सर्वेक्षणात एक चतुर्थांशाच्या आसपास आलं. त्या काळात रिकाम्या जागा भरल्या होत्या, वजनं खरी लिहा असं वरून सांगितलं जायचं, आणि लहानातल्या लहान मुलाकडे आधी बघा हा धोशा होता. खरं वजन लिहिलं म्हणून सेविकेला नोटीस येणार नाही, एवढा भरवसा मिळाला की किती फरक पडतो ते आम्ही पाहिलं आहे.

मग डिसेंबर 2015 मध्ये आदिवासी भागांत भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. गरोदर आणि स्तनदा मातेला रोज एक वेळ चौरस ताजं जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं किंवा नाचणीचा हलवा. पुढच्या टप्प्यात लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं. सेविका आणि मदतनीस गावातच शिजवतात आणि बाया अंगणवाडीत येऊन जेवतात. या योजनेबद्दल मला मनापासून अभिमान आहे. नव्या सुनेला लाजत-लाजत ताटावर बसलेली आणि पंधरा दिवसांनी दुसरी भाकरी मागताना मी पाहिलं आहे. घरी ती दुसरी भाकरी मागत नसे. तिथे बायका एकमेकींशी बोलायच्या. कुणाला सूज आली, कुणाचं मूल पोटात हलेनासं झालं, कुणाला पाचव्या महिन्यातही उलट्या होतात, हे त्या ताटावर कळायचं. नर्सबाईला तिथेच सगळ्या एकत्र भेटायच्या. लोहाची गोळी जेवणानंतर तिथेच पाण्याबरोबर घेतली जायची. घरी ती गोळी फडताळात राहते.

आणि ही काही परकी कल्पना नाही. आपल्याकडे डोहाळजेवण म्हणजे काय असतं? पोटुशीला मधोमध बसवायचं, तिला आवडेल ते करायचं, आणि चार बायांनी मिळून तिला खाऊ घालायचं. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते ती विसाव्याला आणि खायला. बाळंतिणीसाठी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खसखस, तूप यांची तयारी महिनाभर आधी सुरू होते, आणि त्या लाडवांना कोणी 'फुकटची रेवडी' म्हणत नाही. ज्या घरात डिंक येत नाही, तूप येत नाही, जिथे माहेरही तितकंच उपाशी आहे, त्या घरातल्या बाळंतिणीचा खुराक सगळ्या समाजाने मिळून करायचा, एवढंच मी मागते आहे. तिला 'लाभार्थी' म्हणायचंही आपण सोडून द्यावं. मी स्वतः तो शब्द वर्षानुवर्षं लिहिला आणि त्याची मला खंत आहे. ती हक्कदार आहे.

अमृत आहारातल्या अडचणी मी झाकणार नाही. पाडे दूर असतात. अर्धा-पाऊण तास चालून यायचं, परत जायचं, त्यात मजुरी बुडते. पावसात ओढा भरला की तीन-तीन दिवस कुणी येत नाही. म्हणून कित्येक जणी डबा पाठवतात आणि डबा घरी गेला की पुन्हा तीच गोष्ट, माणसं मोजा. याचा अर्थ योजना फसली असा काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे. चूल एकाच जागी ठेवण्याचा हट्ट कशाला? चाळीस घरांच्या पाड्यावर तिथल्याच एखाद्या बाईच्या अंगणात चूल मांडा, तिला मदतनिसाएवढं मानधन द्या. जेवणाची वेळ खात्याने ठरवू नये, बायांना ठरवू द्या. लावणीच्या दिवसांत सकाळी आठला, एरवी बाराला. आणि आईबरोबर आलेल्या मोठ्या पोराच्या हातावरही भाकरी ठेवा. त्याला उपाशी बसवून ती जेवणार नाही, म्हणून त्याचा खर्च धरूनच हिशेब करा.

दुसरी अडचण जातीची. पंगतीला कोण कुणाशेजारी बसणार आणि भाकरी कुणाच्या हातची, हे प्रश्न काही गावांत आजही निघतात. मला वाटतं म्हणूनच पंगत हवी. पाकीट जातीला हात लावत नाही, सगळे आपापल्या उंबऱ्याआड खातात. ज्या मातीत वारकऱ्यांनी काला एकमेकांच्या तोंडात घातला, तिथे गरोदर बायांची एक पंगत बसवणं आपल्याला जड जाऊ नये. सुरुवातीला कटकट होते. दोन महिन्यांनी बायकाच ती मोडून काढतात.

तिसरा प्रश्न अंड्याचा. ज्याला खायचं नाही त्याला केळं किंवा लाडू मिळावा, यात वाद नाही. पण जे खातात त्यांचं अंडं न खाणाऱ्यांच्या भावनेखातर काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं. शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला. गरिबाच्या मुलाच्या वाटीतला सर्वांत स्वस्त, सर्वांत चांगला आणि भेसळ करता न येणारा घास आपण काढला. अंगणवाडीच्या बाबतीत तरी हे होऊ नये.

आता पैशांचं. केंद्राने 2017 मध्ये पूरक आहाराचा दर ठरवला तो असा: मुलामागे दिवसाला 8 रुपये, गरोदर आणि स्तनदा मातेमागे 9 रुपये 50 पैसे, तीव्र कुपोषित मुलामागे 12 रुपये. त्यानंतर सात वर्षं हा दर तसाच राहिला. तो वाढवण्याची घोषणा झाली 2025 च्या अर्थसंकल्पात. या सात वर्षांत तेल, डाळ, गॅस कुठे गेलं ते प्रत्येक घर जाणतं. आठ रुपयांत आज बाजारातून एक अंडं आणलं की हातात फारसं काही उरत नाही. एवढ्यात डाळ, तेल, भाजी, जळण आणि शिजवणारीची मजुरी बसवायची? असा दर ठेवला की गावचा बचत गट आपोआप बाद होतो आणि लाखो पाकिटं एकदम काढणारा कारखाना पात्र ठरतो. माझ्या मते दर महागाईशी जोडलेला असावा, जसा सरकारी कर्मचाऱ्यांचा भत्ता असतो. त्यासाठी दर वेळी घोषणेची वाट बघायला लागू नये.

आईच्या हातात रोख देण्याच्या योजनेतही मला एक गोष्ट टोचते. 2013 च्या कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान 6,000 रुपये मातृत्व लाभ देऊ केला होता. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला 5,000 मिळतात आणि दुसऱ्याला 6,000, तेही मुलगी झाली तर. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं हा हेतू मला मान्य आहे. पण दुसरा मुलगा झाला म्हणून आईचं रक्त कमी सांडत नाही आणि त्या मुलाला दूध कमी लागत नाही. तिसऱ्या वेळची आई तर बहुतेक वेळा सर्वांत अशक्त असते, आणि तिला काहीच नाही. तामिळनाडूत डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची मातृत्व योजना 1987 पासून आहे आणि तिथली मदत 18,000 रुपयांपर्यंत गेली आहे. बाळंतपणानंतरचे तीन-चार महिने मजुरीला न जाता मुलाजवळ राहता यावं, एवढी रक्कम असेल तरच तिला मातृत्व लाभ म्हणता येईल.

उसाच्या फडाचं वेगळं लिहायला हवं. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे एक दिवस चुकला तर खाडा आणि त्याचा दंड. सातव्या-आठव्या महिन्याची बाई पहाटे चारला कोपीतून, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतून, उठून फडावर जाते, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढते. तिचं नाव कुठे आहे? मार्च-एप्रिलपर्यंत ज्या गावात ती राहत नाही, तिथल्या अंगणवाडीच्या यादीत. तिचं दीड वर्षाचं मूल उसाच्या सावलीत झोळीत झोपलेलं असतं. दर गळीत हंगामात कारखान्याच्या गट-वस्तीवर चूल आणि पाळणाघर हवं. कोयत्याच्या कराराच्या वेळीच गरोदर बाईचं नाव तिथे लिहिलं जावं आणि तिच्या जेवणाचा वेळ खाड्यात धरला जाऊ नये. हे खर्च कारखान्याच्या गाळपावर बसवता येतात. साखरेच्या पोत्यामागे कितीतरी गोष्टींची कपात होतेच.

पाळणाघराचा शब्द मी मुद्दाम वापरला. तीन वर्षांखालच्या मुलाला भरवणारा हात दिवसभर हवा, आणि तो पाळणाघरातच मिळू शकतो. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने जंगलातल्या गावांत फुलवाऱ्या चालवून हे दाखवलं. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गावातल्याच बाया सांभाळणार, सत्तू, तेल घातलेली खिचडी, अंडं, आणि आई निर्धास्त कामाला. मोठी बहीण शाळेत. एका चुलीने तीन माणसांचं आयुष्य बदलतं.

आणि हे सगळं करणार कोण? राज्यातल्या सुमारे 1 लाख 10 हजार अंगणवाड्यांच्या सेविका आणि मदतनीस. त्यांनी 4 डिसेंबर 2023 पासून पन्नासहून अधिक दिवस संप केला, तेव्हा कुठे मानधनाची चर्चा पुढे सरकली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी त्यांना अजून नोकर म्हणायचं नाही, 'मानसेवी' म्हणायचं. त्यांच्यावर 2021 पासून पोषण ट्रॅकर या मोबाइलवरच्या नोंदींच्या अ‍ॅपचं ओझं आहे. त्या वर्षी हजारो सेविकांनी न चालणारे सरकारी मोबाइल परत केले होते. जुलै 2025 पासून तर पाकीट देण्याआधी आईचा चेहरा मोबाइलवर जुळवावा लागतो. पाड्यावर नेटवर्क नाही, बाळंतपणात चेहरा सुजलेला, आणि चेहरा जुळला नाही म्हणून आहार नाही, अशी वेळ एकाही आईवर आणणं मला क्रूर वाटतं. चोरी थांबवायची असेल तर कारखान्याच्या दारात थांबवा. पंगतीत बसून जेवणाऱ्या बाईची ओळख पटवायला यंत्र लागत नाही, शेजारीण तिला नावाने हाक मारते.

अमृत आहाराचे पैसे उशिरा येतात तेव्हा सेविका गावच्या किराणा दुकानात उधारी करते. दोन-दोन, तीन-तीन महिन्यांची उधारी अंगावर घेऊन चूल पेटती ठेवणाऱ्या बाया माझ्या बीटमध्ये होत्या. एकीने त्यासाठी मंगळसूत्र गहाण टाकलं होतं आणि मला ते वर्षभराने कळलं. त्या वर्षभरात मी तिच्या रजिस्टरमधल्या खाडाखोडीवरून तिला दोनदा बोलले होते. पैसे महिना सुरू होण्याआधी हातात पडले पाहिजेत, ही मागणी साधी आहे, पण तिच्यावर सगळं अवलंबून आहे. आणि डोंगरी भागात तर तेवढंही पुरत नाही. तिथे मे महिन्याच्या अखेरीपर्यंत तीन महिन्यांची डाळ, तांदूळ, तेल, शेंगदाणे आणि गॅसच्या टाक्या पाड्यावर पोचलेल्या असायला हव्यात. जुलैत ओढे भरले की गाडी वर चढत नाही, घरातलं धान्य संपलेलं असतं, बाया दिवसभर लावणीच्या चिखलात असतात, आणि मुलं सर्वांत जास्त त्याच महिन्यांत दगावतात.